धोतरांची इमारत

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. घरमालक "बसा, बसा" म्हणत राही आणि अप्पा मधल्या घरात उभे राहून आधी आढ्याकडे बघत, मग दाराकडे, मग खिडकीकडे. सदऱ्याच्या खिशातून पितळी ओळंबा काढून एखाद्या भिंतीला लावत, "दोन बोटं आत आलीया," असं सांगून टाकत आणि त्यानंतरच टेकत. चहा येईपर्यंत त्या घरातली एखादी वस्तू इकडची तिकडे झालेली असे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझं कागदपत्रांचं कपाट आणि बायकोचं शिलाईचं मशीन यांची अदलाबदल केली. बायको दोन दिवस माझ्यावर फुगून होती. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आता दिवेलागणीपर्यंत चष्मा न लावता सुईत दोरा जातो. त्यानंतर अप्पा आले की त्यांच्या चहात दूध जास्त पडू लागलं, आणि तो काळ दुष्काळाचा होता हे लक्षात घ्या.

अप्पा बांधकाम खात्यात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे इंजिनिअर साहेबांनी काढलेला नकाशा पातळ कापडावर शाईने जसाच्या तसा गिरवणारा माणूस. ते नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि खात्याला तामीरात म्हणत. राज्य गेलं, खात्याचं नाव बदललं, पण त्या वेळचे दोन-चार शब्द अप्पांच्या जिभेवर राहून गेले. परवानगी हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. ते इजाजत म्हणायचे, आणि तेही थोडं आदराने, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईचं नाव घ्यावं तसं.

"सगळ्या नोकरीत माझी म्हणून एक रेघ न्हाई," असं ते सांगायचे. त्यात रडगाणं नसायचं. "गिरवता गिरवता सायबाची चूक दिसायची, सचिव. पण ट्रेसरला चूकबी सुबक गिरवावी लागती."

सचिव म्हणजे मी. पाथरवाडीच्या सेवा सहकारी सोसायटीचा सचिव. आमचं गाव घाटनांदूरच्या पुढे, माळावर. माझा विश्वास कागदावर, कारण माझी उमेदीची सगळी वर्षं कागदात गेली. अप्पांचा कागदावर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्यांचा जन्म मात्र नकाशे गिरवण्यात गेलेला. आमचं जमलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते अंबाजोगाईत एका बोळात राहायचे. नकाशे काढून द्यायचे, पण कुणाचेही नाही. ज्याचा नकाशा सहज मंजूर होऊन येईल असं त्यांना वाटे, त्याला ते दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवून देत. त्यांना हव्या असायच्या अडलेल्या जागा. देवळाला खेटलेली, किल्ल्याच्या तटाखालची, नदीच्या घाटावरची. जिथे बांधायचं म्हटलं की चार खाती हात आडवे करतात आणि बहुतेक वेळा बरोबर करतात, अशी जागा दिसली की अप्पांचा चेहरा खुले.

त्यांची रीत एकच. "आधी काठ्या रवा, मंग बोला." त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुनी धोतरं, सुतळीची बंडलं आणि एक करवत. जागेवर जाऊन ते बांबू रोवायचे, अगदी होणाऱ्या इमारतीच्या उंचीचे, आणि त्यांना धोतरं ताणून बांधायचे. म्हणजे जिथं भिंत येणार तिथं धोतर. इमारत उद्या जेवढी दिसणार तेवढी आजच दिसली पाहिजे. मग सगळ्या गावाला फिरून फिरून बघायला लावायचे. धोतरं वाऱ्याने लोंबू नयेत म्हणून ती कण्यांच्या पेजेची खळ घालून ताठ केलेली असत. हे काम अप्पांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं. "बाकीच्यांच्या नवऱ्यांची धोतरं वाळत्यात," त्या म्हणायच्या, "आमच्यांची उभी ऱ्हात्यात."

सिरसाळ्याच्या बाजूला एका पतसंस्थेच्या चेअरमनला देवळासमोर तीनमजली इमारत हवी होती. पुढे खांब, वर गच्ची, गच्चीवर दिवे. अप्पा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी तीन मजल्यांच्या उंचीचे बांबू एकावर एक बांधून उभे केले, धोतरं ताणली आणि चेअरमनच्या घरी चहाला जाऊन बसले. थोड्या वेळाने चेअरमनची म्हातारी आई सवयीने उंबऱ्यावर आली. ती रोज तिथूनच देवळाच्या कळसाला हात जोडायची. आज हात जोडले तर समोर धोतर. "ह्यो कुणाचा पंचा वाळत घातलाय देवाच्या तोंडावर?" तिने विचारलं. अप्पांनी नम्रपणे सांगितलं, "तुमच्या लेकाचा." पुढचं बोलणं मायलेकात झालं. इमारत एकमजली झाली, आणि अजून देखणी आहे.

कचेऱ्यांमध्ये त्यांची वेगळीच तऱ्हा. भांडायचे नाहीत, कुणाचं वजन आणायचे नाहीत, पाकिटं तर लांबच. साहेबाने हरकत घेतली की यांचा चेहरा उजळायचा. "लिहून द्या," म्हणायचे. "हरकत म्हंजे फुकटचा सल्ला हाय, तोंडी कशाला द्यायचा?" एकदा एका कचेरीत सोसायटीच्या दुसऱ्या एका कामाची फाईल चार खेपा घालूनही सापडत नव्हती. मी रागाने लाल झालो होतो. अप्पा मात्र कारकुनाच्या टेबलाकडे बघत बसले होते. मग खाली वाकले, टेबलाच्या आखूड पायाखाली घडी करून सारलेला नकाशा ओढून काढला, बाहेर गेले, लाकडाची ढलपी शोधून आणली, पिशवीतल्या करवतीने मापात कापली आणि पायाखाली बसवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. कारकून इतका ओशाळला की त्याने त्याच दिवशी फाईल वर पाठवली. परत येताना एसटीत अप्पा म्हणाले, "नकाशा चांगला व्हता. टेबलाची उंची बरोब्बर केलती त्यानं."

आता आमच्या वसतिगृहाचं सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ लोक अजून विसरले नव्हते तेव्हा हा दुसरा आला. गावातल्या विहिरींनी तळ दाखवला. पाणी राहिलं ते फक्त गावाबाहेरच्या जुन्या बारवेत. चार बाजूंनी दगडी पायऱ्या उतरत गेलेली, उतरणीच्या तोंडाशी कमान, कमानीवर लिंबाची सावली. कुणी बांधली ते कुणाला माहीत नाही, पण पुरातत्त्व खात्याच्या यादीत तिचं नाव होतं आणि तशी एक गंजकी पाटी शेजारी उभी होती.

आमचं निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं. पोरं मागे आजी-आजोबांकडे राहिली तर राहिली, पण पोरी आईबापांबरोबर जायच्या, कारण उसाच्या फडावर धाकट्यांना सांभाळायला कुणीतरी लागतं आणि वयात येणारी पोर मागे एकटी ठेवायला कुणी धजत नसे. म्हणून सोसायटीने मुलींसाठी वसतिगृह बांधायचं ठरवलं. त्यासाठी गायरानाचा एकच तुकडा मोकळा होता, बारवेला लागून. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर आणि पाणी त्या बारवेतच. दुसरी जागा नव्हती.

आमचे चेअरमन अण्णा. अण्णा मनाचे वाईट नव्हते, त्यांना फक्त स्वतःच्या घराण्याचं नाव मोठ्या अक्षरात वाचायला आवडायचं. त्यांनी शहरातून नकाशा करून आणला. दोन मजले, पुढे पोर्च, आणि गच्चीवर वडिलांच्या नावाचा बोर्ड, एकेक अक्षर पुरुषभर. तो नकाशा पुरातत्त्व खात्याकडे गेला आणि महिन्याभरात एका कागदासकट परत आला. बारव झाकली जाईल, तिच्यात उतरणाऱ्याला डोक्यावर इमारत दिसेल, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.

त्याच दिवशी सुमन सोसायटीच्या दारात आली. ती आणि तिचा नवरा दरसाल कोयत्यावर जायचे, उन्हाळ्यात ती रोजगार हमीवर खडी फोडायची. तिची मंदा पाचवीत होती, आणि गुरुजी म्हणायचे की ही पोर पुढे जाईल.

"सचिव, खोल्या कवा व्हत्यात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कागद परत आलाय.

"कागदाचं मला काय कळतंय," ती म्हणाली. "दसऱ्याला टोळी निघती. त्याच्या आदुगर पोरीला ऱ्हायला जागा झाली तर ठेवते, न्हाईतर न्यावं लागंल. एकलीला हितं कुणाजवळ टाकू? औंदा नेलती, तर चार महिने शाळा बुडाली. आता परत नेली की ती काय शाळंत बसायची न्हाई."

ती एवढं बोलली आणि खडी फोडायला गेली. मी संध्याकाळच्या गाडीने अंबाजोगाई गाठली.

अप्पांनी नकाराचं पत्र दोनदा वाचलं. "सायब चांगला माणूस हाय," म्हणाले.

"अहो, त्यानं नाकारलंय."

"आसला नकाशा बघून नाकारलाय म्हंजे डोळं हायत त्याला. डोळं आसणाऱ्याशी बोलता येतं."

दुसऱ्या दिवशी ट्रंकेसकट अप्पा पाथरवाडीत उतरले. जागा बघायला अण्णा चार माणसं घेऊन उभे होते. अप्पांनी त्यांना राम राम केला आणि सरळ बारवेत उतरून गेले. शेवटच्या पायरीवर बसले. ऊन उतरेपर्यंत तिथंच. अण्णा वर उभे राहून कंटाळले आणि मला म्हणाले, "हे कशाला बसलं खाली? इमारत वर हाय."

वर आल्यावर अप्पा म्हणाले, "ज्यानं ही बारव बांधली त्यानं खाली बसून काय बघायचं ते ठरीवलं व्हतं. कमान, लिंब आन् आभाळ. तेवढं त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या. बाकीची जागा आपली."

मग त्यांनी त्यांच्या ठरलेल्या पावलांनी गायरान मोजलं. वसतिगृह मागे सरकवलं, उंचवट्याच्या पलीकडे अर्धं टेकवलं. एकच मजला, काळ्या दगडाच्या भिंती, सपाट धाबं, मध्ये चौक, चौकात पोरींना अभ्यासाला बसायला ओटा. खिडक्या अशा की वारा शिरेल आणि रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर शिरणार नाही. मी इतकी शहाणी इमारत कागदावर पाहिली नव्हती.

"आन् बोर्ड?" अण्णांनी विचारलं.

"आत लावा," अप्पा म्हणाले. "पोरी वाचतील."

अण्णा चार दिवस बोलले नाहीत. अप्पांनी बांबू रोवले, धोतरं ताणली आणि साहेबांना पत्र लिहिलं: नवा नकाशा सोबत पाठवत नाही, तो इथे उभा केला आहे, कृपया येऊन बघावा. साहेबांचं उत्तर आलं की वैशाखात अमुक दिवशी येतो. तोवर धोतरं उभीच होती. माळावर त्या लिंबाशिवाय झाड नाही, गवत नाही. त्यात ती पांढरीशुभ्र धोतरं घाटनांदूरच्या रस्त्यावरून कोसभर दिसायची.

आमचं चुकलं ते इथे. त्या दिवसांत माळावर पांढरं कापड बांबूंना बांधलेलं दिसलं की लोक एकच समजायचे: सरकारने गुरांची छावणी उघडली. साहेब यायच्या दिवशी सकाळी मी जागेवर गेलो तर गुरंच गुरं. पाच गावांची माणसं बैल, गायी, कालवडी घेऊन आलेली. कुणी धोतराच्या सावलीला दावण बांधली होती. माझ्या हातात वही होती, हा माझा गुन्हा. एक म्हातारा पुढे झाला.

"लिव्हा," म्हणाला. "दोन बैल, एक गाय. गाय गाभण हाय."

मी म्हटलं, "बाबा, ही छावणी न्हाई."

"मंग काय हाय?"

"वसतिगृह हाय."

म्हाताऱ्याने धोतराच्या भिंतींच्या आरपार बघितलं. "कुनाचं?" त्याने विचारलं. मागून लोक आपापली नावं सांगतच होते. शेवटी मी लिहून घ्यायला लागलो.

तेवढ्यात अण्णा आले. गर्दी बघितली की अण्णांना राहवत नसे. ते एका दगडावर चढले आणि छावणी मिळाल्याशिवाय आपण पाणी पिणार नाही असं जाहीर करून मोकळे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तितक्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की गायींना धोतरांची चव लागली आहे. कण्यांची खळ ती. दहा दिवस ज्यांच्या पोटात धड वैरण नव्हती त्या गायी आमची पूर्वेची भिंत चघळत होत्या.

अप्पा धावले. एका हाताने गाय ढकलतायत, दुसऱ्याने धोतर ओढतायत. गाय सोडेना. मग एकदम त्यांनीच हात सोडला. गायीकडे बघत उभे राहिले. "खाऊ दे," म्हणाले, "उपाशी हाय." डोक्याचा रुमाल सोडला. लिंगायत म्हाताऱ्यांचा रुमाल म्हणजे चांगला लांबलचक फेटा. तो उलगडून त्यांनी भिंतीच्या भगदाडाला बांधला. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आणि साहेबांची जीप आली. साहेब तरुण होते, गळ्यात कॅमेरा, हातात आमची फाईल. जीप बघताच लोकांना वाटलं छावणीचे साहेब आले. गराडा पडला. "सायब, पेंड कवा मिळंल?" "सायब, आमचं नाव बारीक अक्षरात लिवलंय." साहेब म्हणत होते, "मी पुरातत्त्वचा आहे, मी पुरातत्त्वचा," आणि ते कोणतं खातं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस जीपमध्ये बसणार, परत जाणार आणि सुमनची पोर दसऱ्याला ट्रकमध्ये चढणार.

अप्पा गर्दीतून आत घुसले. बोडक्या डोक्याने त्यांनी साहेबांना नमस्कार केला. "सायब, खाली सावली हाय. पाणी प्या, मंग जा."

साहेबांना त्या क्षणी कुठेही जायला चाललं असतं. ते अप्पांच्या मागे बारवेत उतरले, त्यांच्या मागे मी. खाली गार होतं. शेवटच्या पायरीवर झाकलेला तांब्या ठेवला होता. तो तिथं सकाळीच कुणी ठेवला हे मी अप्पांना कधी विचारलं नाही. पलीकडच्या पायरीवर सुमन पोहऱ्याने घागर भरत होती.

साहेब पाणी प्यायले. घाम पुसला. मग जरा सावरून अप्पांना म्हणाले, "मी नकार दिला होता, कारण इथे बसलेल्या माणसाला वर इमारत दिसू नये. कुठे उभी केलीय तुमची ती?"

अप्पांनी तांब्यावर झाकण ठेवलं. अशा वेळी ते दुसऱ्याला बोलू देत. सुमनने घागर पायरीवर ठेवली.

"वर हाय की, सायब," ती म्हणाली. "आठ दिस झालं उभी हाय."

"तुम्हाला इथून दिसते?"

"मी दिसाला चार खेपा करते. मला तर आभाळच दिसतंय."

साहेबांनी मान वर केली. कमान, तिच्यावर लिंब, त्याच्यावर आभाळ. वरून गुरांचा, माणसांचा आणि अण्णांचा आवाज येत होता, पण दिसत काहीच नव्हतं. ते डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, एक पायरी वर चढले, पुन्हा खाली आले. साहेबांचं बोट थांबलं.

"ते पांढरं काय आहे? कोपऱ्यात."

लिंबाच्या फांदीखाली वीतभर पांढरं टोक दिसत होतं. अप्पांचा रुमाल. पूर्वेचा कोपरा.

"चुकलंय," अप्पा म्हणाले. बाजू मांडली नाही, की एवढ्याशा तुकड्याने काय होतंय असंही म्हणाले नाहीत. सत्तरीला टेकलेला माणूस पायऱ्या चढून वर गेला. थोड्या वेळाने करवतीचा आवाज आला. आम्ही तिघं खालून बघत होतो. पांढरं टोक हललं, खाली सरकलं आणि नाहीसं झालं.

"आता?" वरून हाक आली.

"आता नाही," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. वर गेल्यावर त्यांनी अप्पांना विचारलं, एवढा कोपरा खाली आला तर आतली खोली बसकी होईल, चालेल का? अप्पा म्हणाले, "तितं कोठीघर करू. पोत्यांना डोकं नसतं."

परवानगी मृगाच्या सुमाराला आली. तिच्यात अटी होत्या. दगड इथलाच, रंग लावायचा नाही, बारवेतून पाणी शेंदूनच घ्यायचं, आणि शेवटची अट, धाब्यावर कधीही काहीही उभारू नये. टाकी नाही, खांब नाही, नावाचा बोर्ड नाही. अण्णांनी ती अट मला दोनदा वाचायला लावली. त्यांना सांत्वन म्हणाल तर वेगळंच मिळालं. गुरं तर आलेलीच होती, नावंही माझ्या वहीत लिहिलेली होती, तेव्हा साहेब येऊन गेल्यावर आठवड्याभरातच खरोखरची छावणी मंजूर झाली होती. अण्णांना पाच गावांत मान मिळाला. ते अप्पांना म्हणाले, "तुमच्या धोतरानं माझं नाव केलं." अप्पा म्हणाले, "माझी चार धोतरं खाल्ली तुमच्या मतदारांनी."

मग चार महिने काम चाललं. अप्पांनी गवंड्यांना सळो की पळो करून सोडलं. सांधा जाड झाला की पाडायचे. एक गवंडी तर दोनदा पळून गेला आणि दोन्हीदा अप्पाच त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले, जाताना त्याच्याही घरातली कॉट हलवून आले. दसऱ्यापर्यंत दोन खोल्यांवर धाबं पडलं, बाकीच्या उघड्याच होत्या. पण दोन खोल्या पुरल्या. अकरा मुली राहिल्या. टोळीचा ट्रक निघायच्या दिवशी सुमन मंदाला घेऊन आली, खोलीत शिरली, भिंतीवरून हात फिरवला. दगड गार होता. "लई चांगली झाली," एवढंच म्हणाली, आणि ट्रकमध्ये चढताना एकदाही मागे बघितलं नाही. मी सोसायटीत परत येऊन दार लावून घेतलं आणि थोडा वेळ रडलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मंदा तिथे दहावीपर्यंत राहिली. आता ती लातूरला दवाखान्यात नर्स आहे.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. काकू गेल्या होत्या. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ते शस्त्रक्रियेला तयार नव्हते. म्हणायचे, बघायचं ते बघून झालं. एक दिवस निरोप आला की पाथरवाडीला यायचंय. मी जाऊन त्यांना घेऊन आलो. घरी आले तर बसले नाहीत. मधल्या घरात उभे राहून हाताने चाचपत शिलाईच्या मशीनपर्यंत गेले, ते जागेवर आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "चला, बारवंत."

पाऊस बरा झाला होता. बारवेत चांगलं पाणी होतं, बऱ्याच पायऱ्या बुडालेल्या. हात धरून मी त्यांना पाण्याच्या कडेपर्यंत नेलं. ते पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले आणि कोरा चेहरा वर केला. शाळा सुटून पोरी वसतिगृहावर आल्या होत्या. त्यांचा कालवा ऐकू येत होता.

"सचिव, बघा बरं," म्हणाले. "दिसतंय का काई?"

मी वर बघितलं. कमान होती, लिंब होता, आभाळ होतं. इमारत कुठेच नव्हती. पण पूर्वेच्या कोपऱ्यात, तो कोपरा जिथे कापून खाली आणला होता तिथे, लिंबाच्या फांदीखाली काहीतरी लाल हलत होतं. पोरींनी धाब्यावर दोन काठ्या उभ्या करून दोरी बांधली होती. अटीत बसत नव्हतं. मला अप्पांशी खोटं बोलता येईना.

"इमारत दिसत नाही, अप्पा," मी म्हटलं. "पण धाब्यावर पोरींनी दोरी बांधलीय. एक फ्रॉक वाळत घातलाय. तेवढा दिसतोय."

अप्पा पाण्यात पाय हलवत राहिले.

"कोणत्या रंगाचा?"

"लाल."

त्यांनी मान हलवली. चेहरा तसाच वर होता आणि त्यावर ऊन पडलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "त्याला इजाजत हाय."